उंदीर पडला की गाव उठायचे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मी वैरागचा. बार्शीहून सोलापूरला निघालेली एस. टी. जिथे थांबते आणि प्रवासी चहा पिऊन, शेंगदाण्याची पुडी घेऊन पुन्हा चढतात, ते आमचे गाव. या भाषणासाठी मला विषय सुचवला गेला तो 'आमच्या भागातला पक्षी'. आमच्या भागातला पक्षी म्हणजे माळढोक, याबद्दल दुमत नाही. वैरागहून सोलापूरच्या दिशेने निघालात की वाटेत वडाळा लागते, मग नान्नज. माळढोकचे अभयारण्य ते तिथेच.

पण बोलण्याची तयारी करायला बसलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. माळढोक मी आयुष्यात दोनदा पाहिला. उंदीर रोज पाहतो. ज्याला दोनदा पाहिले त्याच्यावर मी कविता लिहिल्या आणि रोज दिसणाऱ्यावर एक ओळही लिहिली नाही. हे काही न्यायाचे नव्हे. म्हणून आज मी दोघांनाही बरोबर घेऊन आलो आहे. एक पक्षी, एक कुरतडणारा प्राणी. एकाचे नाव घेतले की आपण हळहळतो, दुसऱ्याचे घेतले की काठी शोधतो.

आधी उंदराचे सांगतो, कारण ओळख त्याची जुनी.

माझे अब्बा वैरागच्या बाजारात तोलार होते. ज्वारी, तूर, हरभरा, भुईमूग, जे येईल ते काट्यावर चढवायचे, वजन मोठ्याने पुकारायचे आणि पोते बाजूला करायचे. पोते गोदामात थप्पीला लागले की त्याच दिवसापासून त्याचे वजन कमी होऊ लागते. धान्य वाळते, सांडते, त्याला कीड लागते आणि उंदीर खातो. बाजारात याला 'घट' म्हणतात. अब्बा सांगायचे, "माणूस काट्यावर खोटं बोलेल, उंदीर नाही बोलत. त्याचा वाटा तो घेणारच. तेवढी घट धरूनच हिशेब करायचा."

आमचे घरही बाजाराला लागूनच. घरात आम्ही दखनी बोलायचो, तेव्हा तो 'चुव्वा' असायचा. उंबरठा ओलांडला की 'उंदीर' व्हायचा. उंदराला दोन्ही भाषा सारख्याच. माझ्या कवितांची पहिली वही त्याने खाल्ली. त्या कविता जेवढ्या आठवतात त्यावरून प्रामाणिकपणे सांगतो, त्याचे काही चुकले नाही.

माळढोक मी पहिल्यांदा पाहिला तो 1982 च्या सुमारास. मी बारा वर्षांचा असेन. ज्वारीची पोती घेऊन ट्रक सोलापूरला निघाला होता. अब्बा पोत्यांवर बसले होते आणि मी त्यांच्या शेजारी. नान्नजच्या अलीकडे चाक पंक्चर झाले. ड्रायव्हर आणि क्लीनर खाली वाकले आणि आम्ही दोघे वर बसून राहिलो. सकाळची वेळ होती. दोन्हीकडे माळ, वाळलेले कुसळी गवत, मधूनच एखादी बोरीची जाळी. दूर मला एक पांढरे कोकरू उभे दिसले. एकटेच. मी म्हटले, "धनगराचं कोकरू चुकलं वाटतं." अब्बांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "हलू नको. माळढोक आहे तो."

कोकराने मान वर केली. पांढरी उंच मान, डोक्यावर काळी टोपी, तपकिरी पाठ. चालणे एखाद्या गावच्या पाटलासारखे, सावकाश. मग त्याने पंख उघडले. एवढे मोठे पंख मी कधी पाहिले नव्हते. जड अंगाने तो उठला, जमिनीपासून फार उंच न जाता माळाच्या पलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. अब्बा एवढेच म्हणाले, "आता ह्याची घट फार आली आहे."

त्या वयात ते वाक्य मला कळले नाही. आज ते कळते.

आता या दोघांना काट्याच्या दोन पारड्यांत घालून पाहू.

माळढोकचा नर उभा राहिला की मीटरभर उंच भरतो आणि त्याचे वजन बारा-पंधरा किलोपर्यंत जाते. उडणाऱ्या जगातल्या सगळ्या पक्ष्यांत त्याची गणना सर्वांत जड पक्ष्यांमध्ये होते. विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवून हुंकारतो, तो आवाज अर्धा किलोमीटरवर ऐकू जातो. म्हणूनच त्याचे एक जुने नाव 'हूम' असे आहे. एवढा थोर पक्षी, पण घरटे म्हणाल तर नाहीच. मादी उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला अंडे घालते. बहुधा वर्षाला एकच. सुमारे 27 दिवस ते एकटी उबवते. त्या दिवसांत मेंढरांचा कळप त्यावरून गेला, कुत्र्याला वास लागला, मुंगसाने गाठले, की ते वर्ष संपले. पिल्लू जगले तरी ते पुढच्या विणीच्या हंगामापर्यंत आईच्या मागे फिरते.

उंदराचे गणित याच्या उलट. तीन आठवड्यांत मादी विते. एका वेळी पाच-सहा, कधी आठ-दहा पिल्ले. ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः आईबाप होतात. माळढोकचे एक पिल्लू आईचा पदर सोडेपर्यंत उंदराच्या घरात पणतू खेळत असतात.

एकोणिसाव्या शतकातली एक नोंद आहे. मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रज साहेबाने 1809 ते 1829 या वीस वर्षांत आपल्या शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात 961 माळढोक मारले. एका माणसाने, एका जिल्ह्यात. 961 उंदीर मारले असते तर ती घट एका सुगीत भरून निघाली असती. वर्षाला एक अंडे घालणाऱ्याने ती कशी भरावी?

दोघांच्या डोळ्यांचीही तुलना करण्यासारखी आहे. उंदराला फार दूरचे दिसत नाही. तो भिंतीच्या कडेकडेने, मिशांनी चाचपत, वास घेत चालतो. नवीन वस्तू दिसली की आधी संशय घेतो. शेतकऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. काळ्या पावडरीचे, म्हणजे झिंक फॉस्फाइडचे आमिष एकदम ठेवले तर उंदीर थोडेसे चाखतो आणि आजारी पडून वाचला तर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनविषाचे भरडलेले धान्य ठेवून त्याचा विश्वास मिळवावा लागतो.

माळढोकचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. माळावर चारी दिशांचा धोका दिसावा म्हणून ती सोय. पण त्यामुळे थेट समोरचे त्याला कमी दिसते. हजारो वर्षे त्याच्या आकाशात समोर काही नव्हतेच, मग समोर पाहायचे कशाला? आता विजेच्या तारा आल्या. तार जवळ येईपर्यंत त्याला दिसत नाही आणि दिसली तरी एवढे जड अंग ऐनवेळी वळत नाही. राजस्थानात, जिथे आज देशातले बहुतेक माळढोक उरले आहेत, तिथे तारांना धडकून पक्षी मेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एप्रिल 2021 मध्ये न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला आणि मार्च 2024 मध्ये त्यात बदल करून मार्ग सुचवण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. सूर्याची आणि वाऱ्याची वीज हवी, त्यासाठी तारा हव्यात आणि पक्षीही हवा, असा तो पेच आहे.

थोडक्यात, उंदीर शिकतो म्हणून जगतो. माळढोकला शिकायला वेळच मिळाला नाही.

आता कायद्याचे. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला सप्टेंबर 1972 मध्ये. आमच्या भागातल्या माणसाला ते साल वेगळ्या कारणाने लक्षात आहे. तो दुष्काळ होता. मी दोन वर्षांचा होतो. अम्मी मला बाभळीच्या सावलीत ठेवून रोजगार हमीसारख्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. सुकडी आणि मिलोची लाल भाकरी हे शब्द मी तिच्याच तोंडून ऐकले. आमची माणसे खडी फोडत होती तेव्हा दिल्लीत प्राण्यांच्या याद्या तयार होत होत्या. पहिल्या यादीत माळढोक आला. त्याला मारणे हा मोठा गुन्हा ठरला. शेवटच्या, पाचव्या यादीचे नाव होते उपद्रवी प्राणी. तिच्यात कावळा आणि वटवाघळाबरोबर उंदीर होता. त्याला कोणीही, कधीही, कसेही मारावे. पन्नास वर्षे ही विभागणी चालली. 2022 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती पाचवी यादी काढून टाकण्यात आली. उंदराला अर्थातच याची खबर नाही आणि आपल्या घरातल्या पिंजऱ्यालाही नाही.

यादीत नाव आल्याने काय होते? 1979 साली माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झाले. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आले. त्यात गावे होती, शेते होती, रस्ते होते. जमिनीची खरेदी-विक्री अडली, बांधकामे अडली. ज्या शेतकऱ्याने हा पक्षी जन्मात पाहिला नव्हता, तो कचेरीत खेटे घालताना त्याला शिव्या देऊ लागला. मी त्या शेतकऱ्याला दोष देणार नाही. पुढे ते क्षेत्र कमी करून सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणले गेले. पण तोवर माणसाच्या मनात पक्ष्याबद्दल अढी बसली होती. अढी बसली की ती कुठल्याही आदेशाने कमी होत नाही.

आता मी ज्या गोष्टीसाठी उंदराला बरोबर आणले, ती सांगतो.

1896 साली मुंबईत प्लेग आला आणि नंतर कित्येक वर्षे तो रेल्वेने, बाजारहाटाने, पोत्यापोत्यांतून दख्खनभर फिरत राहिला. माझ्या दादीने लहानपणी त्याची एक साथ पाहिली होती. ती सांगायची, माणूस आजारी पडायच्या आधी उंदीर पडायचा. आढ्यावरून पटकन खाली पडायचा, गरगर फिरायचा आणि मरायचा. उंदराच्या अंगावरच्या पिसवा मग माणसाकडे वळायच्या. हे शास्त्र दादीला ठाऊक नव्हते, पण खूण ठाऊक होती. 'उंदीर पडला' एवढी ओरड झाली की चुलीवरची भाकरी तव्यावर राहायची आणि गाव उठायचे. हिंदूंची आळी उठायची, मुसलमानांची उठायची, महारवाडा उठायचा. सगळे गावाबाहेर माळावर जाऊन झोपड्या घालायचे. थंडीवाऱ्यात महिना-दोन महिने तिथेच काढायचे.

दादीच्या या आठवणीत एक बारीक गोष्ट होती. ती म्हणायची, माळावर पहिल्या रात्री झोप लागली नाही, कारण लांबून कोणी तरी हुंकारत होते. बायांना वाटले भूत आहे. सकाळी एक धनगर म्हणाला, भूत नाही, हूम आहे. पाखरू आहे. त्याला घाबरायचे नाही.

म्हणजे पाहा, उंदराने गावाला निरोप दिला आणि माळढोकच्या माळाने गावाला जागा दिली. आमच्या घराण्यातली निदान एक पिढी या दोघांमुळे वाचली.

तो माळ आज कुठे आहे?

सातबाऱ्यावर त्याच्यासाठी एक शब्द आहे, पोटखराबा. लागवडीला निरुपयोगी. सरकारी भाषेत पडीक. आपण तो शब्द खरा मानला. पडीक आहे म्हणून नांगरला. पाटाचे, विहिरीचे, बोअरचे पाणी पोचले तिथे ऊस केला. उरला तिथे चांगल्या हेतूने झाडे लावली. गिरिपुष्प लावले आणि माळ हिरवा झाला म्हणून आनंद मानला. पण माळढोकला जंगल नको असते. त्याला लांबवर दिसणारे उघडे गवत हवे, त्यातले नाकतोडे, किडे, सरडे हवेत, शेजारच्या रानात थोडी ज्वारी, थोड्या भुईमुगाच्या शेंगा हव्यात. झाडांच्या गर्दीत तो कोंडल्यासारखा होतो. गवत म्हणजे रिकामी जागा नव्हे, हे समजायला आपल्याला फार वेळ लागला.

आणि उंदीर? ऊस आला, ओल आली, तसा उंदीर वाढला असे आपण म्हणतो. ते खरे आहे, पण अर्धे. गेल्या हिवाळ्यात मी माझ्या भाच्याच्या मुलीला घेऊन नान्नजला गेलो होतो. तिला माळढोक दाखवतो असे कबूल केले होते. दिवसभर दुर्बीण घेऊन बसलो. काळविटे दिसली, चंडोल दिसले, माळढोक नाही. संध्याकाळी परत फिरताना पायवाटेजवळच्या बिळातून एक जीव बाहेर आला. मोठे डोळे, पोट पांढरे, लांब शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका. मागच्या पायांवर टुणटुण उड्या मारत तो गवतात गेला. मुलगी ओरडली, "नाना, केवढा छान आहे! काय आहे हा?"

मी म्हटले, "उंदीर."

ती म्हणाली, "उंदीर असा नसतो."

तिचे बरोबर होते. आमच्या गोदामातला उंदीर असा नसतो. हा माळावरचा उंदीर. गवताचे बी खाणारा, कोरड्या जमिनीत बीळ करणारा, साप, घुबड, खोकड यांचे पोट भरणारा. कायद्याच्या यादीत 'उंदीर' हा शब्द लिहिला तेव्हा याचेही नाव त्यात ओढले गेले. माळाला पाणी लागले की या कोरड्या जमिनीच्या उंदराचीही जागा जाते. तिथे काळी घूस येते, जी उसाच्या बुडख्याला लागते, बांध पोखरते, बिळात कणसे साठवते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते उंदीर होते, उंदीरच आहेत. पण घरमालक बदललेला असतो.

मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा जाणवले की माझी दोन पारडी चुकली होती. मी माळढोकला एका बाजूला आणि उंदराला दुसऱ्या बाजूला ठेवत आलो. खरे तर माळावरचा पक्षी आणि माळावरचा उंदीर एकाच पारड्यात आहेत. एक दुर्मिळ म्हणून मौल्यवान आणि एक पुष्कळ म्हणून फुकट, असे नसते. दोघांचीही किंमत त्यांच्या पायाखालच्या जमिनीत आहे. ती जमीन आपण कागदावर खराबा म्हणून लिहिली, तेव्हाच दोघांचा निकाल लागला.

1969 च्या अंदाजाप्रमाणे देशात साडेबाराशेच्या आसपास माळढोक होते. आज मोकळ्या रानात ते दीडशेच्या आत आहेत. नान्नजला तर 2020 नंतरच्या वर्षांत कधी एखादाच पक्षी दिसल्याची बातमी येते, कधी तीही येत नाही. राजस्थानात अंडी गोळा करून, उबवून पिल्ले वाढवण्याचे काम 2019 पासून सुरू आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. ती बातमी वाचून मला आनंद झाला. पण पिंजऱ्यातले पिल्लू उद्या मोठे होईल, त्याला सोडायला माळ लागेल. माळ कोणत्याही यंत्रात उबवता येत नाही.

मी शास्त्रज्ञ नाही, मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस आहे. उपाय सांगण्याचा माझा अधिकार नाही. शेतकऱ्याने आपला ऊस मोडावा असेही मी म्हणणार नाही, त्याच्या घरची चूल मला दिसते. पण गावोगावी अजून गायरान आहे, माळाचे तुकडे आहेत. त्यांच्याकडे पाहताना 'इथे काहीच नाही' असे म्हणू नये. निदान तिथे कचरा नेऊन टाकू नये. वृक्षारोपणाचा खड्डा घेण्याआधी एखाद्या धनगराला विचारावे, इथे काय काय राहते.

दादीच्या काळी गाव अडाणी होते. पण एक उंदीर पडला तरी त्याला निरोप कळायचा आणि ते उठायचे. आमच्या डोळ्यांदेखत माळढोकसारखा पक्षी पडत गेला. एक गेला, दहा गेले, सगळे गेले. आम्ही शिकलेले होतो, आमच्या हातात वर्तमानपत्र होते, कायदा होता, याद्या होत्या. आणि कोणी उठले नाही.

अब्बा गेल्याला आता बरीच वर्षे झाली. त्यांचा जुना तराजू माझ्याकडे आहे, वापरात नाही. परवा भाच्याची मुलगी त्याच्याशी खेळत होती. एका पारड्यात तिने ज्वारीची मूठ ठेवली आणि विचारले, "नाना, घट म्हणजे काय?"

मी म्हटले, "जे हिशेबात धरलेलं असतं, म्हणून गेलं तरी कोणी रडत नाही, ते."

ती थोडा वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माळढोक?"